वन-वायर स्लेव्हची नक्कल करणारा मायक्रोकंट्रोलर: मास्टरला न दिसणे, मधूनच हरवणे आणि चुकीचे आकडे देणे

हा लेख ज्या मांडणीविषयी आहे ती अशी: शीतखोलीचा नियंत्रक फक्त डीएस१८बी२० हा वन-वायर (एकाच डेटा तारेवरून बोलणारा) तापमान संवेदक ओळखतो, भिंतीत मात्र थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा संवेदक) आधीपासून पुरलेला असतो आणि इन्सुलेशन फोडण्याची मालकाची तयारी नसते. अशा वेळी एटीटाइनी८५ किंवा एटीमेगा३२८पी यांसारखा छोटा मायक्रोकंट्रोलर थर्मिस्टर वाचतो आणि बसवर, म्हणजे त्या सामायिक डेटा लाइनवर, आपण डीएस१८बी२० असल्याप्रमाणे उत्तर देतो. विचारणारा नियंत्रक तो मास्टर, उत्तर देणारा तो स्लेव्ह. मालिम, कुटबण, बेतूल या जेटींच्या आसपास आणि वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत बसवलेले असे बोर्ड दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रारी फार वेगवेगळ्या नसतात.

लक्षणे

काही वेळा मास्टरला बसवर कोणीच सापडत नाही. काही वेळा उपकरण सापडते, त्याचा ६४ बिटांचा क्रमांकही दिसतो, पण तापमान −१२७ येते, किंवा मास्टर रास्पबेरी पाय असेल तर सीआरसी या पडताळणीच्या आकड्यापुढे 'येस'ऐवजी 'नो' उमटते. −१२७ हे तापमान नव्हे. आर्डुइनोची डॅलस टेम्परेचर लायब्ररी 'उपकरण नीट उत्तर देत नाही' एवढेच सांगण्यासाठी तो आकडा परत करते. आणखी एका प्रकारात वाचन ८५ अंशांवर अडकते. क्वचित ते स्थिर ० अंश दाखवते आणि सीआरसीची तक्रारही येत नाही, जे सर्वांत फसवे आहे. कधी बोर्ड एकटा असताना उत्तम चालतो आणि त्याच बसवर खरा संवेदक जोडताच दोघांपैकी एक गायब होतो. शेवटचा आणि सर्वांत जास्त डोके खाणारा प्रकार म्हणजे टेबलावर बिनचूक चालणारा बोर्ड जागेवर बसवल्यावर तासन्तास नीट चालून मधूनच हरवतो.

कोणते लक्षण आहे ते प्रथम लिहून ठेवावे, कारण वन-वायरचे नियम सर्व टप्प्यांवर सारखे कडक नाहीत. रिसेटसाठी, म्हणजे संवाद नव्याने सुरू करण्यासाठी, मास्टर लाइन किमान ४८० मायक्रोसेकंद खाली धरतो; ती सोडल्यानंतर स्लेव्हने १५ ते ६० मायक्रोसेकंदांत 'मी आहे' सांगणारा प्रेझेन्स पल्स सुरू करायचा आणि तो ६० ते २४० मायक्रोसेकंद टिकवायचा, म्हणजे इथे बरीच मोकळीक आहे. बिट वाचताना मात्र मास्टर लाइन जेमतेम १ ते काही मायक्रोसेकंद खाली ओढतो आणि त्या फॉलिंग एजपासून, म्हणजे लाइन खाली गेल्याच्या क्षणापासून, १५ मायक्रोसेकंदांच्या आत लाइनची पातळी पाहून मोकळा होतो. वर्गातल्या हजेरीला जरा उशिरा 'हजर' म्हटले तरी चालते, तोंडी परीक्षेत चालत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे 'उपकरण सापडते, पण सगळे बाइट एफएफ (सर्व बिट १) येतात' हे लक्षण दिसले तर वायर शोधत बसण्याआधी स्लेव्ह उशीर करतो आहे असे समजावे: त्याने शून्य पाठवण्यासाठी लाइन खाली ओढेपर्यंत मास्टरने ती वर असलेली पाहून १ नोंदवलेला असतो.

मल्टिमीटर आणि एक खरा संवेदक

कोडला हात लावण्याआधी बोर्ड काढून त्याच जागी, त्याच टर्मिनलांवर खरा डीएस१८बी२० लावून पाहावा. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक तपासणी आहे, आणि तरीही ती सहसा शेवटी केली जाते. खरा संवेदकही चालत नसेल तर दोष वायर, पुल-अप (लाइन वर धरून ठेवणारा रोधक) किंवा नियंत्रकाच्या बाजूला आहे आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये कितीही सुधारणा केली तरी काही हाती लागणार नाही. खरा संवेदक व्यवस्थित चालत असेल, तर मात्र पुढचे सगळे आपल्याकडे आले.

नंतर बस शांत असताना डेटा लाइन आणि ग्राउंड यांच्यातील व्होल्टेज मोजावे. ते पुल-अप ज्या पुरवठ्याला जोडला आहे जवळपास तेवढेच, म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट असायला हवे. स्लेव्ह जोडल्यावर ते लक्षणीय उतरले तर स्लेव्हची पिन लाइन ओढून धरते आहे. पुरवठा बंद करून डेटा आणि पुरवठा यांच्यामधला रोध मोजल्यास ४.७ किलोओहमच्या आसपास आकडा मिळावा. पुल-अप मुळातच बसवलेला नाही आणि मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अपवर सगळे कसेबसे चालू आहे, असे प्रकार आश्चर्य वाटावे इतक्या वेळा आढळतात. आखूड वायरीवर ते चालते आणि मीटरभर वायर वाढवली की बंद पडते.

गोव्यात टर्मिनलांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात जेटीजवळच्या कित्येक शीतखोल्याही बंद ठेवल्या जातात, आणि खारी दमट हवा दोन महिने थंड न होणाऱ्या, कोणी न उघडणाऱ्या पॅनेलमध्ये मुरत राहते. ऑगस्टमध्ये यंत्रणा सुरू केली की ग्राउंडच्या स्क्रूखाली हिरवट थर असतो. ग्राउंडची जोडणी अशी खराब झाली की स्लेव्ह लाइन खाली ओढतो, पण मास्टरच्या दृष्टीने ती पुरेशी खाली जात नाही. शून्याचा एक होतो आणि सीआरसी बिघडतो. वायर कापून, नवा भाग सोलून, फेरुल दाबून पुन्हा घट्ट करणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्क्रू नुसता आवळून हा थर जात नाही.

मास्टर ३.३ व्होल्टचा आणि स्लेव्ह ५ व्होल्टवर चालणारा असेल तर आणखी एक अडचण आहे. ५ व्होल्टवरचा एटीटाइनी८५ लाइन 'वर' आहे असे खात्रीने मानण्यासाठी पुरवठ्याच्या ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट मागतो. बसवर ३.३ व्होल्ट असताना शिल्लक राहते ०.३ व्होल्ट, आणि जवळच्या कंप्रेसरचा काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) पडला की तीही राहत नाही. स्लेव्हही ३.३ व्होल्टवर चालवावा. ८ मेगाहर्ट्झला एटीटाइनी८५ त्या पुरवठ्यावर आपल्या मर्यादेत असतो, १६ मेगाहर्ट्झला नसतो. उलट बाजूने, रास्पबेरी पाय मास्टर असताना पुल-अप चुकूनही ५ व्होल्टला जोडू नये, कारण त्याच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत.

पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना, आणि पुरवठा स्वतंत्र तारेने दिलेला आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. खरा डीएस१८बी२० डेटा लाइनमधूनच वीज घेऊन जगू शकतो. नक्कल करणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडून ती अपेक्षा ठेवू नये. ब्राउन-आउट (पुरवठ्याचे व्होल्टेज उतरणे) शोधणारा फ्यूज, म्हणजे चिपमधली ती सेटिंग, चालू ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात दिवे मिणमिणतात तेव्हा मायक्रोकंट्रोलर धड बंदही होत नाही आणि धड चालतही नाही.

क्लॉक

कारखान्यातून आलेला एटीटाइनी८५ आत ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर असूनही प्रत्यक्षात १ मेगाहर्ट्झवर चालतो, कारण आठने भागण्याचा फ्यूज चालू असतो. एटीमेगा३२८पीची कोरी चिपही तशीच येते. प्रोग्रॅम ८ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेला असेल तर सगळे कालावधी आठपट लांबतात. १ मेगाहर्ट्झवर इंटरप्टमध्ये (एखादी घटना घडताच हातातले काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) शिरायलाच किमान चार क्लॉक, म्हणजे ४ मायक्रोसेकंद जातात, त्यात रजिस्टर जपून ठेवण्याचा वेळ मिळवला की १५ मायक्रोसेकंदांची मुदत केव्हाच उलटलेली असते.

हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. दर सेकंदाला एकदा लुकलुकणारा एलईडीचा प्रोग्रॅम घालून फोनच्या स्टॉपवॉचवर दहा मिनिटे मोजावे. आठपटीची चूक पहिल्या मिनिटातच कळते. दहा मिनिटांत एक मिनिटाचा फरक पडला तर क्लॉक दहा टक्के चुकतो आहे, आणि आतल्या आरसी ऑसिलेटरची कारखान्यातली अचूकता तेवढीच, म्हणजे अधिक-उणे १० टक्के इतकी दिलेली आहे. शिवाय तो तापमान आणि व्होल्टेज यांबरोबर सरकतो. बोर्ड −१८ अंशांच्या खोलीत ठेवला आहे की कंप्रेसरच्या गरम हवेत, यावर वागणूक बदलत असेल तर कारण बहुधा इथेच सापडेल. बोर्ड खोलीबाहेर आणावा किंवा एटीमेगावर क्रिस्टल लावावा. थर्मिस्टरची वायर लांब चालते, ऑसिलेटरची चूक चालत नाही.

क्लॉकच्या चुकीचा पहिला बळी रिसेट ओळखणे हा असतो. आर्डुइनोची वन-वायर लायब्ररी मास्टर म्हणून बरोबर ४८० मायक्रोसेकंदच लाइन खाली धरते, एक मायक्रोसेकंदही जास्त नाही. स्लेव्हच्या प्रोग्रॅममध्ये 'खाली राहण्याचा काळ ४८० पेक्षा जास्त असेल तर रिसेट' असे लिहिले असेल आणि स्लेव्हचा क्लॉक दोन टक्के हळू असेल, तर त्याला तोच पल्स ४७० भरतो आणि तो गप्प बसतो. साध्या स्लॉटमध्ये, म्हणजे एका बिटासाठीच्या वेळेत, लाइन १२० मायक्रोसेकंदांहून जास्त खाली राहत नाही, म्हणून उंबरठा ३०० च्या आसपास ठेवला तरी गैरसमज होण्याची शक्यता नाही. प्रेझेन्स मात्र लाइन वर गेल्यावर २० ते ३० मायक्रोसेकंदांनी सुरू करून सुमारे १२० टिकवावा, कारण हीच लायब्ररी लाइन सोडल्यानंतर ७० मायक्रोसेकंदांनी पाहते आणि त्या क्षणी ती खाली दिसलीच पाहिजे.

क्रमांक, सीआरसी आणि उणे तापमान

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर कोड उघडावा, पण आधी त्यातला नुसता हिशेबाचा भाग तपासावा, कारण तो संगणकावर बसून तपासता येतो. ६४ बिटांच्या क्रमांकाचा पहिला बाइट डीएस१८बी२०चा कुटुंब-क्रमांक, म्हणजे हेक्स (सोळा अंकी पद्धतीत) २८ असला पाहिजे. डीएस१८एस२० साठी तो १० असतो आणि तो चुकून राहिला तर मास्टर तापमानाचा अर्थ वेगळ्या पटीत लावतो. प्रत्येक बाइटचा सर्वांत कमी किमतीचा बिट आधी जातो. सीआरसीची खात्री करण्यासाठी ०२, १सी, बी८, ०१, ००, ००, ०० हे सात हेक्स बाइट आपल्या फंक्शनमधून याच क्रमाने काढावेत. उत्तर ए२ आले नाही तर फंक्शन चुकीचे आहे आणि पुढे काहीही तपासण्यात अर्थ नाही.

सगळे बाइट शून्य असले तर त्यांचा सीआरसीही शून्यच येतो. मघाशी सांगितलेले फसवे ० अंश इथून येतात: स्लेव्ह जिवंत आहे, उत्तर देतो आहे, पण त्याने स्क्रॅचपॅड, म्हणजे मास्टरला पाठवायच्या बाइटांची जागा, कधी भरलेलाच नाही. ८५ अंशांचा अर्थ वेगळा आहे. तो खऱ्या संवेदकाचा वीज चालू झाल्यावरचा पहिला आकडा, म्हणजे हेक्स ०५५०, असतो आणि आपणही तो सुरुवातीला भरून ठेवला असेल तर वाचन ८५ वर अडकणे याचा अर्थ एकतर बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होतो आहे किंवा तापमान मोजण्याची हेक्स ४४ ही आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शीतखोलीत उणे तापमानाची चाचणी टाळू नये. आकडा अंशाच्या सोळाव्या भागांत असतो, म्हणून −१८ अंश म्हणजे −२८८, हेक्समध्ये एफईई०. स्क्रॅचपॅडमध्ये आधी ई०, मग एफई. मास्टरवर ४०७८ असा आकडा दिसला तर बस, वायर, क्लॉक सगळे निर्दोष आहे आणि मास्टरचा प्रोग्रॅम चिन्ह विसरला आहे.

पिन, इंटरप्ट आणि उशीर

वन-वायर बसवर कोणीही लाइन वर ढकलायची नसते. फक्त खाली ओढायची किंवा सोडून द्यायची असते. एव्हीआरमध्ये, म्हणजे एटीटाइनी-एटीमेगाच्या कुळात, याचा अर्थ असा की पिनचा पोर्ट-बिट कायम शून्य ठेवावा आणि फक्त दिशा-बिट बदलत राहावा. कोडमध्ये कुठेही त्या पिनवर 'हाय' लिहिलेले आढळले तर ते आधी काढावे. एकटा असताना असा स्लेव्ह चालतो, दुसरा संवेदक जोडला की हा वर ढकलत असताना तो खाली ओढतो आणि पाचवे लक्षण तयार होते.

त्यानंतर इंटरप्ट. एटीटाइनी८५ मध्ये फक्त फॉलिंग एजवर उठणारा इंटरप्ट पीबी२ या एकाच पिनवर मिळतो. बाकीच्या पिना दोन्ही एजवर उठतात आणि त्याचा हिशेब कोडला ठेवावा लागतो. आता जी गोष्ट सहसा नजरेतून सुटते ती: पिन आउटपुट असतानाही हा इंटरप्ट काम करतो. स्लेव्हने स्वतःच प्रेझेन्स देण्यासाठी लाइन खाली ओढली की त्या एजचीही खूण लागते, आणि आपण इंटरप्टमधून बाहेर पडताच तो पुन्हा उठतो, जणू मास्टरने पहिला बिट पाठवायला सुरुवात केली आहे. तिथून पुढे स्लेव्ह एक बिट सरकलेला राहतो. हेक्स सीसी ही, क्रमांक न पाहता ऐकायची, आज्ञा त्याला भलतीच ऐकू येते. लाइन सोडून ती वर गेल्याची खात्री झाल्यावर ती खूण त्या बिटमध्ये १ लिहून पुसावी आणि मगच बाहेर पडावे.

इंटरप्टच्या आत फंक्शन बोलावणे, सिरियलवर छापणे, एडीसी (थर्मिस्टरचे व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) वाचणे यांपैकी काहीही नसावे. आत दुसरे फंक्शन बोलावले की कंपायलर खबरदारी म्हणून डझनभर रजिस्टर जपून ठेवतो आणि ८ मेगाहर्ट्झवर तीन-चार मायक्रोसेकंद तिथेच जातात. आर्डुइनोची मास्टर लायब्ररी फॉलिंग एजनंतर सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी बिट पाहते, म्हणून पाठवायचा पुढचा बिट आधीच्या स्लॉटच्या शेवटी काढून ठेवावा आणि इंटरप्टमध्ये शिरताच पहिली गोष्ट, बिट शून्य असेल तर लाइन ओढणे, हीच करावी. ती सुमारे ३० मायक्रोसेकंद धरून सोडावी. मास्टरचा बिट घेतानाही सुमारे ३० मायक्रोसेकंदांनीच पाहावे आणि लगेच बाहेर पडावे, कारण मास्टरने शून्य लिहिला तर पुढच्या स्लॉटपूर्वी लाइन केवळ ५ मायक्रोसेकंद वर असते. स्लेव्ह आर्डुइनोच्या वातावरणात लिहिला असेल तर मिलिसेकंद मोजणारा टायमर ० चा इंटरप्टही बंद करावा. १६ मेगाहर्ट्झवर तो दर १०२४ मायक्रोसेकंदांनी उठतो आणि कधी ना कधी नेमका वाचनाच्या स्लॉटवर पडतो. मधूनच येणाऱ्या सीआरसी चुकांचे हे नेहमीचे कारण आहे.

दुसरे नेहमीचे कारण अधिक सूक्ष्म आहे. मुख्य लूप नवे तापमान स्क्रॅचपॅडमध्ये भरत असतानाच मास्टरने वाचायला सुरुवात केली, तर पहिला बाइट जुना, दुसरा नवा आणि सीआरसी तिसऱ्याच कशाचा तरी जातो. दोन स्क्रॅचपॅड ठेवावेत, नवा सीआरसीसह पूर्ण भरावा आणि रिसेट ओळखल्याच्या क्षणीच अदलाबदल करावी. मोजणी चालू असताना मास्टरने वाचनाचे स्लॉट दिले तर ती पूर्ण होईपर्यंत ०, झाल्यावर १ द्यावा; थर्मिस्टरचे वाचन तयारच असल्यामुळे सरळ १ देता येतो.

एकटा असताना चालतो पण शोध-आज्ञेत, म्हणजे हेक्स एफ० मध्ये हरवतो, अशा स्लेव्हमध्ये शोधाची पायरी तपासावी. प्रत्येक बिटासाठी तीन स्लॉट असतात: बिट, त्याचा उलट बिट आणि मास्टरने निवडलेली दिशा. दिशा आपल्या बिटाशी जुळली नाही तर पुढच्या रिसेटपर्यंत पूर्ण गप्प राहायचे असते. बसवर एकच उपकरण असताना मास्टरला दोन्ही स्लॉटमध्ये ० मिळाला तर स्लेव्ह उलट बिट द्यायला विसरतो आहे किंवा सरकलेला आहे.

लॉजिक अ‍ॅनालायझर

२४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर आणि त्यासोबत पल्सव्ह्यू हा मोफत प्रोग्रॅम घेतला तर रिसेट, आज्ञा आणि बाइट उलगडून दिसतात. किमान ४ मेगाहर्ट्झने नोंद करावी आणि नजर दोनच ठिकाणी ठेवावी: प्रेझेन्स नेमका किती मायक्रोसेकंदांनी सुरू होतो, आणि शून्य पाठवताना मास्टरने लाइन सोडण्याच्या आधी स्लेव्हने ती पकडली आहे की मध्ये एक बारीक टोक वर आले आहे. ते टोक त्याच बसवरच्या खऱ्या संवेदकांना नवा स्लॉट वाटू शकतो.

हे यंत्र फक्त ० आणि १ दाखवते, लाइन किती सावकाश चढते ते दाखवत नाही. वायरीचे मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरले तर ३० मीटरला १.५ नॅनोफॅरड होतात आणि ४.७ किलोओहमवर लाइन ओळखण्याइतकी वर यायला सहा-सात मायक्रोसेकंद लागतात. १० मायक्रोसेकंद खाली धरून लिहिलेला १ तरीही ३० च्या आत वर येतो. वाचनात मात्र मास्टरच्या १३ पैकी बहुतेक वेळ संपतो. पुल-अप २.२ किलोओहम करून पाहावा, पण त्याहून खाली जाण्याआधी वायर आखूड करावी.

कुठे थांबावे

डेटा आणि ग्राउंड यांच्या तारा ज्या पॅनेलमध्ये जातात तिथे २३० किंवा ४१५ व्होल्टही असतात. काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले किंवा मोटरच्या तारा हलवल्याशिवाय टर्मिनलपर्यंत हात पोहोचत नसेल तर परवानाधारक वीजतंत्री बोलवावा. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचे संयंत्र असेल तर त्याच्या नियंत्रकाशी जोडलेला कोणताही संवेदक संयंत्र चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या उपस्थितीशिवाय काढू नये. चुकीचे तापमान दाखवणारा बोर्ड तिथे कंप्रेसर थांबू देणार नाही किंवा भलत्या वेळी थांबवेल. औषधे किंवा लसी ठेवलेल्या शीतकपाटावर तर नकली संवेदक लावूच नये, तो कितीही अचूक उत्तर देत असला तरी. तिथे प्रमाणित संवेदक आणि त्याची नोंद लागते, आणि ते काम उपकरणाच्या अधिकृत तंत्रज्ञाचे आहे.

खरा संवेदक थेट नियंत्रकाच्या टर्मिनलवर, हातभर वायरीने लावूनही सापडत नसेल तर नियंत्रकाचे पोर्ट गेले आहे. वीज कडाडल्यानंतर हे वारंवार दिसते आणि ते बोर्ड-पातळीवरच्या दुरुस्तीचे काम आहे. तसेच वरचे सगळे करूनही चूक केवळ कंप्रेसर सुरू होतानाच येत असेल, तर ऑसिलोस्कोप आणि विजेच्या गोंगाटाचा अनुभव असलेल्या माणसाकडे ती द्यावी. त्याला बोर्ड एकटा देऊ नये: फ्यूजच्या सेटिंग, पल्सव्ह्यूची साठवलेली नोंद, वायरीची लांबी आणि पुल-अपचा रोध, आणि खरा संवेदक त्याच जागी चालला की नाही, एवढे सोबत लिहून द्यावे.